चौथी की सहावी?

घरून तालीम करून गेलो होतो. कधीपासून दुखतं, कुठे दुखतं, रात्री दोन-अडीचला जाग कशी येते, सगळं तोंडपाठ. "डॉक्टर, गेले चार महिने..." एवढं म्हणतोय तोवर त्यांनी विचारलं, "संडासला कशी होते?"

प्रश्नात गैर काही नाही. पण केबिनचं दार सताड उघडं आणि पुढच्या नंबरचे काका आधीच आत येऊन माझ्या खुर्चीमागे उभे.

"साफ होत नाही," मी पुटपुटलो. डॉक्टरांनी ड्रॉवरमधून सात चित्रांचा तक्ता काढला. हा ब्रिस्टल तक्ता, शौच कशी होते ते दाखवणारा. एक नंबरला सुट्या कडक गोळ्या, सातला नुसतं पाणी. पेशंटला लाज वाटते, म्हणून बोट ठेवायची सोय. मी पाचवर बोट ठेवलं.

"घाई करू नका," मागून आवाज आला. काका चष्मा नाकावर ओढून माझ्या खांद्यावरून वाकले होते. "कडा कशा आहेत?"

"काय?"

"कडा हो! पाचाच्या कडा स्वच्छ. फाटक्या असल्या तर सहा. मी दोन वर्षं सहावीत काढलीत."

"आणि आता?" हे मी का विचारलं, देव जाणे.

"चौथीत!" खाली उतरल्याचा एवढा अभिमान मी आजवर कुणाच्या तोंडावर पाहिला नव्हता.

डॉक्टरांनी पेन उचललं आणि काकांकडे बघून विचारलं, "मग सहा लिहू?"

पोट माझं, मत काकांचं! बरं, आपल्याकडे पोटदुखीला शब्द काय कमी आहेत? कळ, मुरडा, पीळ, गुबारा, जळजळ. प्रत्येकाचं दुखणं वेगळं. मी 'मुरडा' म्हणालो, कागदावर उतरलं 'गॅसेस'. १९८४ साली अमेरिकेत एका अभ्यासात दिसलं होतं, की पेशंट बोलू लागला की डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला तोडतात. अठरा! मला तीनही मिळाले नाहीत.

"टेन्शन घेऊ नका," डॉक्टर म्हणाले. अहो, चार महिने पोट दुखल्यावर आलंय ते टेन्शन. तुम्ही क्रम उलटा लावताय. आणि खरं सांगायचं तर इथे मला हसू येत नाही. शौचात रक्त, विनाकारण घटणारं वजन, झोपेतून उठवणारं दुखणं, या गोष्टी डॉक्टरांनी स्वतःहून विचारायच्या असतात. त्यांनी बेल वाजवली.

मी उठलो, तसं काकांनी हळूच विचारलं, "रात्री उठवतं का हो?"

"हो. दोन-अडीचला."

"मग ते सांगा की त्यांना!"

मी वळलो. शिपाई म्हणाला, "तुमचं झालं ना? आता पुन्हा शेवटी नंबर लागेल." काका तोवर माझ्या खुर्चीत बसलेही होते.

"संडासला कशी होते?"

"चार!" बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू आलं.