पिंग येतंय ना, मग ओके आहे!

"रिमोट चालू केलेलं नसेल, कॉम्प्युटर बंद असेल, नाहीतर नेटवर्कवर नसेल." झालं. यातलं नक्की काय, ते तुमचं तुम्ही बघा! रिमोट डेस्कटॉप, म्हणजे घरबसल्या ऑफिसचं मशीन चालवायची सोय, जोडला गेला नाही की ही खिडकी येते आणि दर वेळी हीच तीन कारणं तोंडावर फेकते. कुडमुड्या ज्योतिषीसुद्धा याहून नेमकं सांगतो.

१९ तारीख, रात्रीचे साडेनऊ. दुसऱ्या दिवशी थ्रीबी, म्हणजे जीएसटीचं रिटर्न, भरायची शेवटची तारीख. हिशेब टॅलीत, टॅली ऑफिसच्या मशीनवर आणि मी घरी. चुकलं तर दिवसाला ५० रुपये लेट फी, राहिलेल्या करावर १८ टक्के व्याज, आणि क्लायंट ते माझ्या नावानं खडे फोडत भरणार. व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा खासगी बोगदा, लावला, हिरवी खूण आली. रिमोट उघडला, आली ती खिडकी.

बरं, त्या दिवशी गुरुवार. गुरुवारी आमच्याकडे लाईट जाते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. लाईट परत आली की मशीन आपोआप सुरू व्हावं, अशी सेटिंग बायोसमध्ये असते, एकदाच करायची असते. आमच्या आयटीवाल्याला हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. "करतो मॅडम." केलं नाही. शेवटी वॉचमन काकांना फोन. "काका, टेबलाखालचं काळं खोकं. नाही हो, तो प्रिंटर!" काकांनी बटण दाबलं आणि निळा दिवा लागल्याचंही सांगितलं. त्या रात्री धड काम केलेला हा एकमेव माणूस.

मशीन चालू. खिडकी तीच!

मग मी पिंग केलं, म्हणजे ऑफिसच्या मशीनच्या नेटवर्कवरच्या पत्त्यावर, १९२.१६८.१.१४ वर, "आहेस का?" अशी हाक मारली. उत्तर आलं, तेही झटक्यात, ३ मिलिसेकंदांत. म्हणजे मशीन जिवंत आहे आणि मला आत घेत नाही. आयटीवाल्याला फोन. "पिंग येतंय ना, मग नेटवर्क ओके आहे. लॅपटॉप रीस्टार्ट करा." केला. "परत करा." परत केला. यांच्या घरी दूध उतू गेलं तरी गॅस रीस्टार्ट करत असतील. मग म्हणे, "व्हीपीएन सोडा, राऊटरवर ३३८९ पोर्ट सरळ बाहेर उघडून देतो." अरे बाबा, ते तर रिमोट डेस्कटॉपचं दार! २०१९ मध्ये याच रिमोट डेस्कटॉपमध्ये ब्लूकीप नावाचं भोक सापडलं, तेव्हा मायक्रोसॉफ्टला २०१४ सालीच रिटायर केलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा पॅच काढावा लागला. आणि हा पठ्ठ्या लोकांचे हिशेब ठेवलेल्या मशीनचं दार रस्त्यावर उघडं टाकणार! फोन ठेवला. नसता ठेवला तर तोंडातून काय निघालं असतं, सांगत नाही.

पावणेअकराला सासूबाईंची मालिका संपली. त्यांनी टीव्ही बटणावरून बंद केला आणि माझं पिंग मेलं.

मी नुसती बघत बसले. सव्वा तास मी ऑफिसचं मशीन समजून घरातला टीव्ही ठोठावत होते! त्याच आठवड्यात घरी नवीन राऊटर बसला होता. जुना १९२.१६८.०.१ वर होता, हा १९२.१६८.१.१ वर, म्हणजे नेमका ऑफिसच्याच पत्त्यांच्या मालिकेत. १४ नंबर त्यानं टीव्हीला देऊन टाकला. मग लॅपटॉपनं तरी काय करावं? १४ नंबरचं बिऱ्हाड आपल्याच वाड्यात आहे, मग व्हीपीएनमधून पेठा ओलांडून कशाला जा! त्या ३ मिलिसेकंदांवरूनच मला कळायला हवं होतं. ऑफिसकडून उत्तर यायला एरवी पंचवीस-तीस लागतात. पण "ओके आहे" म्हणणाऱ्याला नको का कळायला? ते तर त्याचं पोटापाण्याचं काम!

मोबाईलचा हॉटस्पॉट लावला. त्याची मालिकाच वेगळी, त्यामुळे पहिल्या फटक्यात टॅली समोर. रात्री पाऊणला रिटर्न गेलं.

सकाळी आयटीवाल्याचा मेसेज: "झालं ना मॅडम? म्हटलं होतं ना, रीस्टार्ट केलं की होतं."