पांढरी पाच, किंचित चढी

२००१ सालच्या दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी मी आमचा संगणक फॉरमॅट केला. सुरू होण्यास तो इतका वेळ घेऊ लागला होता की बटण दाबून मी रामबागेतून पायी राजवाड्यापर्यंत जावे, पोहे-जिलबी खावी आणि परत यावे, तरी पडद्यावर वाळूचे घड्याळ उभेच असे. भाऊबिजेला आलेल्या भाच्याने ‘मामा, फॉरमॅट मारा, नवा होईल’ असा सल्ला दिला आणि सल्ला देणारे नेहमी जे करतात तेच केले, म्हणजे रात्रीच्या गाडीने तो भोपाळला निघून गेला.

विंडोज ९८ पुन्हा बसवण्याचे काम मात्र सुरळीत पार पडले. पंचवीस अक्षरांची किल्ली सौभाग्यवतींनी वाचून दाखवली आणि मी ती टंकली. ‘बी’ आणि ‘आठ’ यांच्यात एकदा गफलत झाली. पण लग्नाला चौदा वर्षे झालेल्या जोडप्यात याहून मोठ्या गफलती होऊन गेलेल्या असतात. मध्येच संगणकाने मला विचारले की आपण कोणत्या देशातून आणि कोणत्या एरिया कोडमधून फोन करता. देशाच्या चौकटीत अमेरिका आधीच लिहिलेली होती. यादी खाली सरकवत भारतापर्यंत पोहोचण्याचा मला कंटाळा आला, म्हणून मी कोडच्या जागी इंदूरचा ७३१ तेवढा भरला आणि पुढे गेलो. या दोन सेकंदांच्या आळसाचे व्याज मला पुढच्या शनिवारी भरावे लागले.

संध्याकाळी संगणक वाऱ्यासारखा धावू लागला आणि इंटरनेट नाहीसे झाले. डिव्हाइस मॅनेजर उघडून पाहिले, तर ‘पीसीआय कम्युनिकेशन डिव्हाइस’ या नावाशेजारी पिवळे प्रश्नचिन्ह होते. लग्नाच्या पंगतीत एखादा अनोळखी गृहस्थ बसलेला असावा, जेवत असावा, पण तो मुलाकडचा की मुलीकडचा हे कोणालाच सांगता येऊ नये, तशी आमच्या मॉडेमची, म्हणजे फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडून देणाऱ्या यंत्राची, अवस्था झाली होती. आमचा मॉडेम स्वस्तातला होता, म्हणजे कार्डाच्या रूपाने संगणकाच्या पोटात खोचलेला होता. अशा मॉडेमला स्वतःची बुद्धी बेताचीच असते. आकड्यांचे आवाज करणे आणि आवाजांचे पुन्हा आकडे करणे हे त्याचे मुख्य काम तो संगणकाच्या प्रोसेसरकडून करून घेतो, आणि ते कसे करून घ्यायचे हे सांगणारा ड्रायव्हर सीडीवर वेगळा मिळतो. ती सीडी हरवली की कार्ड म्हणजे नुसती हिरवी पट्टी. जेल रोडवरच्या ज्या दुकानातून संगणक घेतला होता तिथे मी फोन केला, तेव्हा हा ड्रायव्हर इंटरनेटवरून सहज उतरवून घेता येईल असे मला सांगण्यात आले. सांगणाऱ्याच्या आवाजात थट्टेचा लवलेशही नव्हता.

सीडी गुरुवारी सापडली. परसातल्या पेरूवर पोपट फार येतात म्हणून आईने ती उन्हाळ्यातच दोरा ओवून फांदीला टांगली होती. पोपट तिला भीत नसत, उलट तिच्यात तोंड पाहून जात. ओल्या फडक्याने पुसल्यावर तिसऱ्या प्रयत्नात ती वाचली गेली, पिवळे प्रश्नचिन्ह मावळले, मॉडेमला नाव मिळाले आणि मी विजयी मुद्रेने ‘कनेक्ट’ या बटणावर टिचकी मारली.

इथून पुढे जे झाले त्यात आमच्या तीर्थरूपांचा, म्हणजे अण्णांचा, वाटा मोठा आहे.

मॉडेमच्या कार्डावर एक चिमुकला स्पीकर असतो आणि जोडणी होईपर्यंत फोनच्या तारेवर काय चालले आहे ते तो आपल्याला ऐकवतो. ‘कनेक्ट’ म्हटल्याबरोबर त्याने फोन उचलल्याचा खट् असा आवाज ऐकवला, त्यामागून आपला नेहमीचा डायल टोन घुमू लागला, तो चार-पाच सेकंद घुमला, थांबला, आणि पडद्यावर अक्षरे उमटली की डायल टोन नाही. मी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तोच टोन खोलीभर घुमला आणि पुन्हा तो नसल्याचे मला कळवण्यात आले. माणूस समोर बसून बोलत असताना ‘घरी कोणी नाही’ असे सांगण्याचा हा प्रकार होता. मी तारेची टोके उलटसुलट केली, ‘लाइन’ आणि ‘फोन’ अशी दोन भोके शेजारी शेजारी असतात, त्यांत अदलाबदल करून पाहिली, तार फुंकली. मग हायपरटर्मिनल नावाचा प्रोग्रॅम उघडून मॉडेमला थेट आज्ञा दिल्या. या आज्ञांची भाषा १९८१ साली अमेरिकेतल्या हेज यांच्या मॉडेमपासून रूढ झाली आणि तिच्यातली जवळपास प्रत्येक आज्ञा ‘एटी’ने, म्हणजे ‘अटेन्शन’ने, सुरू होते. आपल्याकडे मंगलाष्टकांच्या दर कडव्याच्या शेवटी ‘सावधान’ म्हणतात आणि तरीही व्हायचे ते होतेच. इथे तर दर ओळीला सावधान म्हणायचे होते. मी सावधान म्हणालो की मॉडेम ‘ओके’ म्हणे, फोन लाव म्हणालो की टोन नाही म्हणे.

हा कार्यक्रम चाललेला असताना अण्णा शेजारच्या खोलीतून आले. अण्णा निवृत्त लेखापाल असले तरी घरात त्यांचा खरा हुद्दा संगीत समीक्षकाचा आहे. तरुणपणी त्यांनी उस्ताद अमीर खाँसाहेबांना समोर बसून ऐकलेले असल्यामुळे त्यानंतरचे कोणाचेही गाणे ते ‘हं’ या एकाक्षरी अभिप्रायाच्या पुढे जाऊ देत नाहीत. त्यांनी डोळे मिटून तीन वेळा डायल टोन ऐकला.

“पांढरी पाच,” ते म्हणाले. “किंचित चढी. आणि नुसती नाही, आत कंप आहे.”

“अण्णा, सूर कोणता हा प्रश्न नाही. सूर आहे हेच त्याला ऐकू येत नाही.”

“ऐकू येत नाही असे तू कसे म्हणतोस? ऐकू येत असेल, पण ओळख पटत नसेल. हा बनला कुठे?”

खोक्यावर तैवान असे लिहिले होते. अण्णांनी तैवानच्या संगीताविषयी मत देण्याचे टाळले, पण पेटी मात्र बाहेर काढली. पांढरी पाच दाबून त्यांनी तो सूर मॉडेमच्या सुराशी पडताळून पाहिला आणि आपली पेटीच किंचित उतरली आहे अशी शंका व्यक्त केली. सौभाग्यवती दारात येऊन “अहो, इंटरनेट लागले का?” असे विचारून गेल्या, त्या वेळी मी संगणकाशी ‘एटी’ म्हणत होतो आणि अण्णा त्याला सूर देत होते. त्या काही न बोलता परत गेल्या.

शनिवारी सकाळी मी पुन्हा दुकानात फोन केला. या वेळी तो मूळचा मुलगा भेटला, ज्याने संगणक घरी येऊन मांडून दिला होता. माझी सर्व कहाणी, पेटी वगळून, ऐकल्यावर तो म्हणाला, “अरे भिया, वो ‘वेट फॉर डायल टोन’ का टिक हटा दो. पहली बार भी मैंने ही हटाया था.” मॉडेमच्या प्रॉपर्टीजमध्ये एक लहानशी चौकट आहे, तिच्यात बरोबरची खूण असली की मॉडेम डायल टोन ओळखल्याशिवाय नंबर फिरवत नाही. हा मॉडेम ज्याची वाट पाहत होता तो अमेरिकेचा टोन होता आणि आपला टोन निराळा आहे. त्या मुलाने पूर्वी केव्हातरी ती खूण काढून ठेवली होती, मी फॉरमॅट करून ती परत आणली होती. आठवडाभराचे सगळे रामायण त्या एका खुणेत होते. मी हे अण्णांना सांगितले. ते काही बोलले नाहीत, पण दुपारच्या जेवणात त्यांनी एक पोळी जास्त खाल्ली.

खूण काढल्यावर मॉडेमने बेधडक नंबर फिरवला, आणि आता माझ्या त्या दोन सेकंदांची पाळी आली. आमच्या इंटरनेटचा क्रमांक १७२ने सुरू होणारा, सहा आकड्यांचा होता. मॉडेमने मात्र सहावर न थांबता चौदा आकडे फिरवले, आणि थोड्या वेळाने स्पीकरमधून एका ध्वनिमुद्रित बाईंनी अत्यंत सुसंस्कृत हिंदीत हा नंबर अस्तित्वात नसल्याचे सांगितले. हे कोडे उलगडायला मला संध्याकाळ झाली. जोडणी तयार करताना मी देश भारत असे प्रामाणिकपणे लिहिले होते, पण संगणकाच्या मते आम्ही स्वतः राहत होतो अमेरिकेत. त्यामुळे बिचारा परदेशातून इंदूरला फोन लावत होता: अमेरिकेतून बाहेर पडण्यासाठी ०११, मग भारताचा ९१, मग ७३१, मग क्रमांक. आपल्याकडे ०११ म्हणजे दिल्ली. म्हणजे रामबागेतून रामबागेच्या एक्स्चेंजला पोहोचण्यासाठी आमचा संगणक दिल्लीकरांचे दार ठोठावत होता. पुढे मला असेही कळले की ७३१ हा एरिया कोड अमेरिकेत खरोखरच आहे, टेनेसी राज्याच्या पश्चिम भागाला तो त्याच वर्षी फेब्रुवारीत मिळाला. सहा दिवस आम्ही सहकुटुंब, पेरूच्या झाडासकट, टेनेसीत राहत होतो आणि शेजाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

यादी खाली सरकवून मी भारतात परत आलो. मॉडेमने सहाच आकडे फिरवले, पलीकडून एक लांब शिट्टी आली (“ही पेटीत मावत नाही,” असे अण्णांनी नोंदवले), त्यापाठोपाठ खरखर, घोगरा आलाप, पुन्हा खरखर, आणि एकदम शांतता. जोडणी झाली होती. खोक्यावर ५६ हजार बिट लिहिलेले असले तरी पडद्यावर ४४ हजारांचा आकडा आला, पण त्या क्षणी मला चारसुद्धा चालले असते.

मला आठवडाभराची पत्रे पाहायची होती. अण्णांना मात्र त्या आधी एकच गोष्ट हवी होती. “त्यांचा सूर कोणता आहे, तो बघ.”

शोध घेतला. पाने झुमरा तालातल्या अतिविलंबित ख्यालासारखी उलगडत होती. एक ओळ आली की समेवर यायला पुढची ओळ आपला वेळ घेई, पण अण्णांना त्या लयीची सवय होती. अखेर आकडे आले. भारताचा डायल टोन ४०० हर्ट्झचा असून त्याला २५ हर्ट्झचा कंप दिलेला असतो, तर अमेरिकेचा टोन हा ३५० आणि ४४० अशा दोन सुरांचा मिळून बनतो.

“पांढरी पाच म्हणजे ३९२,” अण्णा म्हणाले. “चढी म्हणालो होतो की नाही? आणि त्यांचे दोन कोणते?”

मी आकडे पुन्हा वाचले. अण्णांनी भाता ओढला आणि पांढरी चार व पांढरी सहा एकदम दाबली. खोलीत षड्ज आणि शुद्ध गंधार एकत्र घुमू लागले. अण्णांनी पाच-सहा सेकंद कान देऊन ऐकले. “म्हणजे तो सा-गची वाट पाहत बसला होता, आणि आपण त्याला एकच सूर देत होतो, तोही हलता. त्याचे काय चुकले?” मग जरा विचार करून ते म्हणाले, “पण यांच्या तंबोऱ्यात पंचम नाही.”

इतक्यात पडद्यावरचे पान अर्ध्यात गोठले आणि जोडणी तुटल्याची चौकट वर आली. माडीवर फोनचे दुसरे यंत्र आहे, आणि शनिवारी संध्याकाळी मोठी काकू ग्वाल्हेरच्या बहिणीला फोन करते हे मी साफ विसरलो होतो. जिन्यावरून तिचा आवाज आला, “भाऊजी, अहो, फोनमध्ये कोणीतरी किंचाळतंय!”

अण्णांनी भाता थांबवला, पण पट्ट्यांवरची बोटे उचलली नाहीत.

“वहिनी,” ते वर पाहून म्हणाले, “कोणत्या सुरात?”