ज्वारी चांगली, पण ती दळली कुठे?

गहू चालत नसेल तर त्याऐवजी ज्वारी-बाजरी खा, प्रश्न सुटला, असं एका लेखात वाचलं. आमच्याकडे तो एवढ्यावर सुटला नाही. २०१९मध्ये माझ्या मुलीला सिलिअ‍ॅक निघाला, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होण्याचा आजार. पोळी, रवा, मैदा सगळं बंद केलं, तरी तिचं पोट दुखणं थांबेना. दोन महिन्यांनी एकदा चक्कीवर उभी राहिले तेव्हा लक्षात आलं. गव्हाचं दळण संपलं की त्याच जात्यात लगेच आमची ज्वारी पडायची. सुरुवातीचं पीठ तांबूस यायचं, ते गव्हाचंच! त्याच आठवड्यात घरघंटी घेतली. तिच्यात आजवर गव्हाचा दाणा पडलेला नाही.

हिंगाचंही तसंच. डबीतल्या हिंगात बरेचदा गव्हाचं पीठ असतं, मागचं लेबल वाचा. पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहायला किलोमागे फक्त २० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन चालतं, यावरून चिमूटभराची किंमत कळेल.

बाकी आपल्या नागपुरात खायला काय कमी आहे? पोहे, पाटवडी रस्सा, गोळाभात, झुणका-भाकर. सांबारवडीची, म्हणजे कोथिंबिरीचं सारण भरलेल्या वडीची, पारी मी बेसन आणि तांदळाच्या पिठाची करते. तळताना एखादी फुटते, पण लेक पोटभर खाते.

आणि कळकळीने सांगते, संशय असेल तर आधी रक्त तपासा, मग गहू सोडा. आधीच सोडला तर तपासणीत आजार निसटू शकतो. आमच्या शेजारच्या ताईंना त्यापायी पुन्हा काही आठवडे पोळ्या खाव्या लागल्या, फार त्रास झाला त्यांना.