नव्वद अंशांचा संसार

संधिवाताने झिजलेला खुबा सरळ तक्रार करेल तर शपथ. तो जांघेत दुखतो, कधी नुसताच गुडघ्यात दुखतो, कारण दोघांच्या नसा सामाईक. त्यामुळे पहिले एक्स-रे बिचाऱ्या निर्दोष गुडघ्याचे निघतात. माझेही निघाले. मोजे घालताना आणि रिक्षातून उतरताना जांघेत कळ येत असेल, तर चोर वरच्या मजल्यावर आहे असं समजावं.

शाळेत ‘उखळीचा सांधा’ पाठ केला होता. उखळात डोकं घातल्यावर मुसळाला काय भ्यायचं, ते अठ्ठेचाळिसाव्या वर्षी खुबा बदलायच्या ऑपरेशनच्या टेबलावर कळलं. मांडीच्या हाडाचं डोकं करवतीने कापतात. कमरेच्या हाडातलं उखळ गोल किसणीने खरवडून त्यात टायटॅनियमची वाटी ठोकतात, वाटीला प्लॅस्टिकचं अस्तर. मग हाडाच्या पोकळीत दांडा, दांड्यावर ३२ किंवा ३६ मिलिमीटरचा गोळा. इंग्लंडचे सर्जन जॉन चार्नली यांनी आधी टेफ्लॉनचं अस्तर लावून पाहिलं होतं. ते नॉनस्टिक तव्याच्या वळणावर गेलं आणि काही वर्षांत झिजलं. १९६२ पासून चार्नली पॉलिइथिलीन नावाच्या प्लॅस्टिकवर आले. पाठीतलं इंजेक्शन कमरेखालचं बधिर करतं, कानांचं नाही. झोपेचं औषध कमी पडलं तर सुताराकडे मुक्कामाला आल्यासारखं वाटतं. ठोकण्याचा आवाज बदलला की दांडा घट्ट बसला!

दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. इथवर सगळं सोपं. खरं ऑपरेशन घरी सुरू होतं.

सांधा मागच्या बाजूने उघडला असेल, तर तिथले शिवलेले स्नायू जुळेपर्यंत, म्हणजे सहा ते बारा आठवडे, तीन बंद्या: खुब्यात नव्वद अंशांपलीकडे वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पंजा आत वळवायचा नाही. नियम मोडला तर गोळा वाटीतून मागे निसटू शकतो. आता मराठी घराकडे बघा. सिलिंडरचा कॉक, कुकरचा कप्पा, कचऱ्याचा डबा, मुलाने दारातच टाकलेलं दप्तर, सगळं जमिनीशी सलगी करून. मऊ सोफा तर शत्रूच: बसलं की कंबर गुडघ्यांच्या खाली जाते. खुर्ची गुडघ्यामागच्या खळीपेक्षा दोन इंच उंच हवी, हाताची हवी आणि चाकांची नको. कमोडवर चार इंचांची उंच सीट बसवतात; तिचे स्क्रू ढिले राहिले तर ती ऐन वेळी तिरकी सरकते. बसायच्या आधी दोन्ही हातांनी हलवून पाहा, लाजू नका.

मोज्यांसाठी अर्ध्या कापलेल्या पाइपासारखं एक साधन मिळतं, त्याला दोन दोऱ्या. मोजा त्यावर टाच खाली ठेवून अगदी टोकापर्यंत चढवायचा, जमिनीवर सोडायचा, पाय घालायचा आणि दोऱ्या ओढायच्या. टोकापर्यंत चढवला नाही, तर अंगठ्यापुढे मोज्याची सोंड लोंबते आणि मोज्याची टाच तळव्याखाली राहते. पहिल्या दिवशी एका मोज्याला दहा मिनिटं लागतात. तोवर शाळेची व्हॅन हॉर्न वाजवून निघून जाते.

वॉकर सुटला की काठी. ती दुसऱ्या, चांगल्या बाजूच्या हातात धरायची. खुब्यावरचा भार त्यानेच हलका होतो. भेटायला आलेली प्रत्येक आत्या मात्र ‘अगं, चुकीच्या हातात धरलीस’ म्हणून ती काढून घेते. जिन्यात चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा. हे विसरलात तर मधल्या पायरीवर उभं राहून हिशोब करावा लागतो, आणि मागे दूधवाला ताटकळतो.

पडलेल्या वस्तू उचलायला लांब दांड्याचा चिमटा घ्यावा. मुलं तो पळवतात, पंख्याचं बटण दाबायला. तो वॉकरला नाडीने बांधून ठेवा. कारण चिमटा दिवाणाखाली गेला, की तो काढायला दुसरा चिमटा लागतो.