‘नो रिटर्न’ लिहिलं म्हणून खोटा माल खरा होत नाही

सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक संदेश फिरतोय. त्याचं म्हणणं असं: ‘नो रिटर्न’ लिहिलेली वस्तू परत होत नाही. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ नसेल तर तक्रार चालत नाही. अ‍ॅपवाली कंपनी फक्त मध्यस्थ असते, तिची जबाबदारी नसते. इन्स्टाग्रामवरून घेतलं असेल तर पैसे विसराच. आणि ग्राहक न्यायालयात गेलात तर वस्तूच्या किमतीपेक्षा वकिलाची फी जास्त होईल, तेव्हा गप्प बसा.

माझी मावशी तो वाचून खरंच गप्प बसली. ‘अस्सल रेशीम, हातमाग पैठणी’ असं वर्णन वाचून तिने ६,८०० रुपयांची साडी मागवली होती, मुलीच्या केळवणात नेसायला. आली ती पॉलिस्टरची. तिने ती कपाटात सरकवली आणि कुणाला काही बोलली नाही, कारण गटावर ‘काही उपयोग नाही’ असं लिहून आलं होतं. हा संदेश पुढे ढकलणाऱ्यांचा हेतू वाईट नसेल, पण त्याने फायदा फक्त खोटं वर्णन लिहिणाऱ्याचा होतो. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी ‘नो रिटर्न’. यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. रंग आवडला नाही, घरी आणल्यावर नको वाटली, म्हणजे आपलं मन बदललं. तिथे विक्रेत्याचं धोरण चालतं आणि ते आपण मान्य करायला हवं. पण सांगितलं एक आणि पाठवलं दुसरं, म्हणजे माल बदलला. तिथे धोरण चालत नाही, कायदा चालतो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मधला नियम ६ याबाबत स्पष्ट आहे. मंचावरून, म्हणजे अनेक विक्रेत्यांचा माल विकणाऱ्या अ‍ॅपवरून, विकलेली वस्तू सदोष किंवा बनावट असेल, किंवा जाहिरातीत सांगितलेले गुण तिच्यात नसतील, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. स्वतःचाच माल विकणाऱ्या कंपन्यांनाही नियम ७ प्रमाणे हेच बंधन आहे. आणि हा विचार काही २०२० साली जन्माला आला नाही. १९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम १५ म्हणतं की वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे. ऑनलाइन खरेदीत तर आपल्या हातात वर्णनाशिवाय दुसरं काहीच नसतं. साडीचा पोत बोटांनी चाचपता येत नाही, मागची बाजू उलटून बघता येत नाही.

पैसे परत देण्याऐवजी ‘पुढच्या खरेदीसाठी कूपन घ्या’ असं सुचवलं जातं. आपल्याला चालत असेल तर घ्यावं, पण सक्ती मान्य करू नये. नियमात शब्द आहे तो दिलेल्या मोबदल्याच्या परताव्याचा.

आता व्हिडिओ. खोका रिकामा निघाला, मोबाइलऐवजी साबणाची वडी निघाली, तर व्हिडिओ फार उपयोगी पडतो आणि महागडी वस्तू उघडताना तो काढावाच. पण तो नसेल तर हक्क संपतो, असं ग्राहक संरक्षण कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. आणि वर्णन खोटं असल्याचा पुरावा बहुतेक वेळा वस्तूतच असतो. मावशीची साडी आम्ही उलटून पाहिली. हाताने विणलेल्या पैठणीचं नक्षीकाम मागूनही पुढच्यासारखंच दिसतं. हिच्या पदरामागे मात्र कापलेल्या धाग्यांचे पुंजके लोंबत होते. कडेचा एक धागा काढून जाळला. रेशीम जळलं की केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. हा धागा वितळला आणि त्याची कडक गोळी झाली. घरची परीक्षा हा अंतिम पुरावा नव्हे, हे मान्य. पण तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर नमुना प्रयोगशाळेत पाठवण्याचा अधिकार जिल्हा ग्राहक आयोगाला, म्हणजे ग्राहक न्यायालयाला, आहे. आपण जपायचं ते इतकंच: वस्तूच्या पानाचे स्क्रीनशॉट (विक्रेता वर्णन बदलायच्या आत), बिल, पैसे दिल्याची नोंद, पार्सलवरचं लेबल, आणि न वापरलेली वस्तू.

‘अ‍ॅप फक्त मध्यस्थ’ हे अर्धसत्य आहे. माल विक्रेत्याचा असतो, हे खरं. तरी विक्रेत्याचं नाव-पत्ता दाखवणं, तक्रार निवारण अधिकारी नेमणं, ४८ तासांत तक्रारीची पोच देणं आणि महिन्याभरात ती निकाली काढणं हे काम नियमांनी मंचावरच टाकलं आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सक्तीच्या दर्जात न बसणारे प्रेशर कुकर मंचावर विकू दिल्याबद्दल अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्टला प्रत्येकी १ लाख रुपये दंड केला आणि ग्राहकांचे पैसे परत करायला सांगितलं. दोन्ही कंपन्या त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. पण मध्यस्थाला कुणी हातच लावू शकत नाही, हे म्हणणं त्या आदेशानंतर टिकत नाही.

इन्स्टाग्रामच्या बाबतीत मात्र संदेशात थोडं तथ्य आहे. तिथे विक्रेता शोधणंच अवघड जातं. पण तो सापडत असेल, म्हणजे पार्सलवर पत्ता आहे, यूपीआयला नाव आहे, तर मालाचा दर्जा किंवा घटक खोटे सांगणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथाच आहे, मग विक्री दुकानात झालेली असो की लाइव्हवर. पैसे घेऊन खातंच गायब झालं असेल तर ती फसवणूक आहे. तेव्हा वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावं.

शेवटचा मुद्दा सगळ्यात घातक, कारण त्यामुळेच लोक पहिलं पाऊल टाकत नाहीत. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. वकील लावण्याची सक्ती नाही. तक्रार ऑनलाइन दाखल करता येते, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते: लातूरच्या बाईने सुरतेच्या विक्रेत्यामागे सुरतेला जायचं नाही. मुदत दोन वर्षांची. वेळ लागतो, हे मी लपवणार नाही. कायदा तीन महिन्यांत, आणि तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल व्हावा असं म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडतात. पण आयोग ही शेवटची पायरी आहे. त्याआधी विक्रेत्याला आणि मंचाला लेखी तक्रार, मग १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथे मराठीत बोलता येतं. हेल्पलाइन निकाल देत नाही, पण तक्रार कंपनीपुढे ठेवते आणि आपल्या हातात नोंदणी क्रमांक येतो. ज्या महाराष्ट्रात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत ही ग्राहकांची संघटना उभी केली, त्याच महाराष्ट्रात ‘गप्प बसा’ हा सल्ला पुढे पाठवला जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

मावशी आधी म्हणाली, “जाऊ दे गं, माझंच चुकलं.” मी म्हटलं, “तू वाचलंस त्यावर विश्वास ठेवलास, यात तुझं काय चुकलं?” मग दोघींनी बसून हे लिहिलं. कुणाला हवं असेल तर तपशील बदलून वापरा:

‘आपण या वस्तूचं वर्णन “अस्सल रेशीम, हातमाग” असं केलं होतं. मिळालेली साडी तशी नाही. छायाचित्रं, बिल आणि वर्णनाचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे. मी ही साडी नाकारत आहे. ती न वापरता ठेवली आहे, आपल्या खर्चाने घेऊन जावी. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे पूर्ण ६,८०० रुपये ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत करावेत. कूपन नको. तक्रारीची पोच ४८ तासांत मिळावी.’

सोमवारी रात्री तिने ते विक्रेत्याला आणि मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याला पाठवलं. बुधवारी सकाळी पोच आली, तक्रार क्रमांकासह. तो तिने कॅलेंडरवर लिहून ठेवलाय, आणि त्याच्यापुढे महिना संपण्याची तारीख.