मेशचे तीन डबे म्हणजे तिप्पट वेग नव्हे
आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस एक मेसेज फिरतोय: ‘एएक्स ३००० मेश घ्या, तीन डबे लावा, इंटरनेट तिप्पट धावेल.’ तसं होत नाही. मेश म्हणजे घरात ठिकठिकाणी ठेवलेले, एकमेकांशी जोडलेले वाय-फायचे डबे. हा ३००० आकडा म्हणजे दोन बँडच्या (वाय-फायच्या लहरींच्या पट्ट्यांच्या) कागदावरच्या वेगांची बेरीज: २.४ गिगाहर्ट्झवर ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झवर २४०२ एमबीपीएस. प्लॅन १०० चा असेल तर फार तर १००च मिळणार. मेश सिग्नल पसरवतं, वेग वाढवत नाही. उलट, दोनच बँडचे डबे वायरशिवाय जोडले की तोच ५ गिगाहर्ट्झ बँड डब्यांच्या आपसातल्या बोलण्यालाही लागतो आणि दुसऱ्या डब्यापाशी वेग साधारण निम्म्यावर येऊ शकतो. माझ्याच बेडरूममध्ये ९० चे ४० झाले होते. दाराच्या चौकटीवरून डबे जोडणारी लॅन केबल ओढली, तेव्हा पुन्हा ९० दिसले. (बायकोच्या डोळ्यांत ती केबल अजून खुपते.) वन बीएचकेत बहुतेकदा एकच बरा राउटर पुरतो, फक्त तो टीव्हीमागे कोंबू नका. घेताना केबल लावायचे पोर्ट मात्र बघाच. काही स्वस्त डब्यांना १०० एमबीपीएसचेच असतात. ३०० चा प्लॅन तिथेच अडतो.