सिचवांची वेलांटी

गेल्या ऑक्टोबरात माझ्या लॅपटॉपने मला नोटीस बजावली. आपल्या विंडोज प्रणालीच्या 10 या आवृत्तीला 14 ऑक्टोबर 2025 नंतर सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत आणि नव्या आवृत्तीसाठी हे यंत्र पात्र नाही, असे त्याने पडद्यावर अत्यंत नम्रपणे कळवले. अपात्रतेचे कारण शोधता, त्यात टीपीएम 2.0 नावाची सुरक्षा-चिप नसल्याचे समजले. 2014 साली घेतलेला हा लॅपटॉप आमच्या हाउसिंग सोसायटीच्या नोटिसा आणि सभांची इतिवृत्ते एवढेच काम करतो. पाण्याच्या टाकीचा हिशेब चोरून कोणाचे भले होणार होते, ते मला अजून उमगलेले नाही.

अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या भाच्याला बोलावले. तो म्हणाला, "मामा, लिनक्स टाकूया की. फुकट हाय." मग जीभ चावून त्याने दुरुस्ती केली, "फुकट म्हंजे, मुक्त." इंग्रजीत या दोन्ही अर्थांना एकच शब्द असल्यामुळे, 1983 मध्ये मुक्त प्रणालीचा प्रकल्प जाहीर करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांना हा फरक जगाला पुन्हा पुन्हा समजावून सांगावा लागला. मराठीत ती अडचण नाही. प्रणालीचा मूळ कोड कोणीही वाचावा, बदलावा आणि दुसऱ्याला वाटावा, ही मुक्ती. पैसे पडत नाहीत, हा त्याचा आनुषंगिक लाभ. आमच्या घरात मात्र पहिलाच शब्द ऐकू गेला होता. "फुकट आहे ना, मग आधी काय काय मोडणार त्याची यादी करून ठेवा," असा आवाज स्वयंपाकघरातून आला.

लिनक्स हा केवळ गाभा असून त्याभोवती डेबियन, फेडोरा, उबुंटू, मिंट अशी निरनिराळी बिऱ्हाडे लोकांनी थाटली आहेत, हे कळल्यावर मी सावध झालो. ज्या गावात मटकी तीच असूनही कट कोणाचा चांगला यावरून जुनी मैत्री तुटू शकते, त्या गावच्या माणसाला याचा धोका सांगावा लागत नाही. भाच्याच्या तीन मित्रांनी तीन नावे सुचवली आणि उरलेल्या दोघांच्या पसंतीबद्दल प्रत्येकाने खेद व्यक्त केला. शेवटी भाच्याने मिंट ठरवले. तिच्या प्रत्येक आवृत्तीला बाईचे नाव असते आणि 2018 मधल्या एकोणिसाव्या आवृत्तीचे नाव तारा होते, असे त्याने सांगताच माझा करवीराभिमान जागा झाला. करवीरची गादी स्थापणाऱ्या महाराणी ताराराणींच्या नगरीत दुसरी कोणती आवृत्ती शोभणार? परंतु तारेचे अपडेट 2023 मध्येच थांबले होते. तेव्हा चालू असलेल्या 22.2 या आवृत्तीचे नाव निघाले झारा. मागितली तारा आणि हाती आला झारा, हे ऐकून स्वयंपाकघरातून प्रथमच सहानुभूतीचा हुंकार आला.

सुमारे तीन जीबीची फाइल उतरवून ती पेनड्राइव्हवर चढवणे भाच्याने केले. यंत्र सुरू होताना एक ठरावीक कळ नेमक्या क्षणी दाबावी लागते, ते मी केले. सातव्या प्रयत्नात जमले.

खरी परीक्षा पुढे होती. जुन्या प्रणालीने अकरा वर्षांत माझे मत कधी विचारले नव्हते, आणि घरातही तशी पद्धत नसल्यामुळे मत बाळगण्याची माझी सवय मोडलेली होती. ही प्रणाली मात्र पावलोपावली विचारू लागली. भाषा कोणती? कीबोर्ड कोणता? आपण राहता कुठे? समोर जगाचा नकाशा आला. मी चष्मा पुसून, पश्चिम घाटाच्या अंदाजाने, काळजीपूर्वक कोल्हापूरवर टिचकी मारली. खाली उमटले कोलकाता. पुन्हा मारली, पुन्हा कोलकाता. अख्ख्या भारताची वेळ त्या एकाच शहराच्या नावावर नोंदलेली आहे, हे भाच्याने समजावले, तरी "को" आणि "ल" इथपर्यंत येऊन नाव घसरावे याचे शल्य राहिलेच.

त्यानंतर वाटणीचा प्रश्न आला. नवी प्रणाली जुनीच्या शेजारी नांदवायची, की डिस्क पुसून सगळे घर नवीच्या नावे करायचे? कोल्हापुरात वाटणी हा शब्द हलक्या आवाजात उच्चारतात, आणि ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंचही गावातच आल्यामुळे, असल्या बाबतीत घाई करण्याचे कारण उरलेले नाही. मी दोन दिवस मागून घेतले. "मामा, बटण दाबायचंय, खरेदीखत न्हाई करायचं," भाचा म्हणाला. तिसऱ्या दिवशी दोघींना शेजारी-शेजारी नांदवायचे ठरले.

झारा सुरळीत चालू लागली, प्रिंटरही पहिल्याच फटक्यात चालला, आणि मी निर्धास्तपणे मासिक सभेची नोटीस टाइप करायला बसलो. 1991 साली हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स नावाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी या प्रणालीचा गाभा लिहीत होता. त्याच वर्षी ऑक्टोबरात युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तीत देवनागरीलाही जागा मिळाली. जगात या घडामोडी चालू असताना मी बिंदू चौकाजवळच्या एका टायपिंग क्लासात, मिनिटाला तीस शब्दांच्या परीक्षेसाठी मराठी टंकयंत्र बडवत होतो. टंकयंत्रावर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारावी लागते. पुढे संगणकावरही त्याच मांडणीचे जुने सॉफ्टवेअर मी वापरले, तेव्हा बोटांना दुसरी रीत ठाऊकच नव्हती. येथे मात्र इनस्क्रिप्ट कीबोर्ड होता, आणि त्यात आधी अक्षर व मग वेलांटी असा उच्चाराचा क्रम असतो. क्लासात आम्हांला आणखी एक शिस्त लावलेली होती, ती म्हणजे नजर मजकुरावरून हलवायची नाही. ती मी पाळली. नोटीस छापून फाटकाजवळच्या फलकावर लावली आणि समाधानाने रंकाळ्यावर फेरी मारायला गेलो.

परतलो तेव्हा फलकासमोर गर्दी होती. रिववारी सकाळी दहा वाजता सर्व सभासदांनी उपिस्थत राहावे, असे मी कळवले होते, आणि खाली सही होती: आपला, सिचव.

त्या रविवारी सभेला विक्रमी उपस्थिती होती. "सिचव, पाण्याचं काय झालं?" या प्रश्नाने कामकाज सुरू झाले आणि तेव्हापासून सोसायटीत मला दुसरे नाव उरले नाही. मी तीन आठवडे रोज तासभर बसून वेलांटी मागे आणली. नोटिसा आता निर्दोष निघतात, पण त्या पूर्वीसारख्या कोणी वाचत नाही.

परवा दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त गुरुजी काखेत लॅपटॉप घेऊन आले. "सिचव," ते म्हणाले, "आमच्या यंत्रालाही नोटीस आली आहे. तुमचं ते फुकटातलं घालून द्या." मी त्यांना मुक्त शब्दाचा अर्थ सांगितला, खुर्ची पुढे ओढली, चहा मागवला आणि शक्य तितक्या गंभीर चेहऱ्याने विचारले, "गुरुजी, आधी वाटणीचं काय ते ठरवा. शेजारी नांदवायचं, की जुनं पुसून टाकायचं?"

गुरुजींनी ओठांपर्यंत नेलेला कप पुन्हा बशीत ठेवला.